शेरा

एकतीस वर्षं मी पाणी चाखलं.
भांडुपच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेल्यातून,
घोटभर घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं
आणि रजिस्टरात रकाने भरायचे:
रंग. गढूळपणा. वास. चव. शेरा.
शेऱ्यात बहुतेक दिवशी एकच शब्द, समाधानकारक.

आता मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर,
तशीच वही आखलीय चहासाठी.
निरोपसमारंभात मिळालेला थर्मामीटर
खरं तर शोभेचा होता, मखमली पेटीतला.
तो रोज सकाळी भांड्यात बुडतो.
पण त्याच्याकडे बघावं लागत नाही.
तळाला साबुदाण्याएवढे बुडबुडे धरले
की हिरव्या चहाचं पाणी झालं.
ते सुटून वर यायला लागले, की उशीर.

दार्जिलिंग, मार्चची तोडणी.
रंग: उसाच्या रसात बर्फ विरघळल्यावरचा.
वास: कैरीचा देठ मोडल्यावर येतो तो,
आणि चीक लागावा तसा ओठाला चावतो किंचित.

पांढरा चहा. दोनदा चाखला.
काहीतरी होतं,
मी लेखणी उचलेपर्यंत गेलं.
शेरा नाही.

काळी वडी, सात वर्षं मुरवलेली.
सोसायटीच्या पंपाची खोली उघडल्यासारखी ओल,
तरी दुसरा घोट घेतला,
मग तिसरा,
मग दुपारी वासाची आठवण आली म्हणून पुन्हा.

वरच्या छेडाबेन म्हणतात,
या डबीच्या पैशात दोन किलो बदाम आले असते.
बोलता बोलता त्यांनी माझ्या निलगिरीत
पुदिन्याची दोन पानं टाकली, प्रेमाने.
मी लिहिलं: नमुना दूषित.
(चांगला लागला. ते लिहिलं नाही.)

सगळे जमले.
जमत नाही तो पाष्ट्यांचा.
गणू पाष्टे, आमचे प्रयोगशाळा परिचर.
चार वाजता मागच्या खोलीत पातेलं चढायचं,
साधी भुकटी, म्हशीचं दूध, ठेचलेलं आलं,
गाळणं म्हणून बनियनचा धुतलेला तुकडा.
तीच भुकटी आणली. तसलंच पातेलं शोधलं भुलेश्वरला.
पाणी रात्रभर उघडं ठेवून पाहिलं,
उकळून, निववून, पुन्हा उकळून.
विकतच्या बाटलीतलं घातलं, तर चहा मुकाच झाला.

शेवटी फोन लावला गुहागरला.
मागे कोंबड्या, बहुधा नातू.
"मॅडम, रागावणार नाय ना?
पाणी नळाचं नव्हतंच कधी.
तपासून झालं की बाटल्यांत उरायचं थोडं थोडं.
टाकवत नव्हतं हो.
तेच ओतायचो पातेल्यात."

मी फोन धरून उभी.
त्या बाटल्यांत थेंबभर औषध असायचं, क्लोरीन मारायला.
कळतं त्या वेळी, तर मेमो दिला असता मी,
सही-शिक्क्यानिशी.

म्हणजे एकतीस वर्षं, रोज चार वाजता,
कुलाबा, गोवंडी, पाली हिल,
भायखळ्याच्या इस्पितळाचा नळ,
मानखुर्दची तक्रार आलेली गल्ली,
शिवडीची टाकी,
सगळं एका उकळीला आलेलं,
आल्यासकट,
मी बशीत ओतून प्यायले.
आणि थुंकले नाही.

वहीत पान उघडलंय.
रंग: विटकरी. गढूळपणा: दूध असल्याने मोजता येत नाही.
वास, चव यांपुढे रेघ.
शेरा कोरा.

भाचीला सांगितलंय,
चेंबूरहून येताना एक बाटली पाणी आण, तुमच्या नळाचं.
"का गं मावशी, तुमच्याकडे पाणी गेलंय का?"
नाही म्हटलं. आलंय.
तू आण.