आठ मिलिमीटर

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
सायकल स्टँडला जखडून
त्या पोरानं माझ्या गुडघ्यावर
लेसरची लाल रेघ सोडली.
सहा हजार. घरी चार सांगितलेत.

"काका, तुमचा डावा पाय
आठ मिलिमीटर आखूड आहे."

छप्पन्न वर्षं
उभा आहे मी त्याच्यावर.
तेल लावणाऱ्या आईलाही
कळलं नव्हतं.

बुटात एक पातळ चकती,
सीट बोटभर वर.
रविवारी वाघबीळ मागं पडलं
तरी गुडघा गप्प.

उतरून तसाच मिरजे टेलरकडं,
पँट टाकायला.
"डावी नेहमीसारखी जरा वर घेतो,"
गळ्यातला टेप न काढताच म्हणाला.

नेहमीसारखी?

"वीस वर्षं घेतोय की."

मग बोलला का नाहीस, लेका?

"त्यात सांगायचं काय?
पँट सरळ दिसती न्हवं."