हातचा एक

ऑगस्टा, मेन. एप्रिल लागलाय, तरी केनेबेक नदीत
बर्फाचे तुकडे एकमेकांना ढकलत
समुद्राकडे निघालेत.
दुसऱ्या मजल्यावर, मसुदा विभागात माझं टेबल.
स्वल्पविराम, कलमांचे आकडे,
'आणि' आहे की 'किंवा', एवढंच मी बघायचं.

जानेवारीत विधेयक आलं तेव्हा
चाळीस पानांचं होतं, बाळसेदार.
गावोगावचे प्रसूतिकक्ष बंद पडू नयेत,
पडलेच तर तासाभराच्या वाटेवर एक तरी उघडा राहावा,
बाईचं गाडीभाडं राज्यानं द्यावं, सुईणींना पगार.
मॅरिबेल हॅस्कलनं आणलेलं. तिच्या बाजूला सतरा,
समोर सतरा,
आणि व्हर्नन पेल्की.

पेल्की पार उत्तरेचा, बटाट्यांच्या मुलखातला.
पस्तिसातला हा एकटा
दोन्ही बाजूंच्या हिशेबात पेन्सिलीनं लिहिलेला.
सरकारी खर्च म्हटलं की कपाळाला आठी.

साक्षीला ओडेट सिर आली, रुग्णवाहिका चालवणारी.
बोलायला तीन मिनिटं.
"फेब्रुवारीत, पहाटे, डिझेल पंपाच्या दिव्याखाली
मुलगी झाली. नाळ बांधायला
बुटाची लेस सोडली मी. दिवा लुकलुकत होता, म्हणून
गाठ दोनदा..."
घंटा वाजली.
पेल्कीनं एकच विचारलं : कुठला पंप?
तिनं सांगितला.
त्यानं चष्मा काढला, पुसला,
आणि तो परत घालायचं विसरून
पुढचे दोन साक्षीदार ऐकले.

मग सुरू झाली काटछाट.
गाडीभाडं पहिल्याच आठवड्यात गेलं.
सुईणी मार्चमध्ये.
कागदपत्रं नसलेल्या बायकांचं पोटकलम
एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
त्या ओळीवर रेघ मीच मारली,
पट्टी लावून, सरळ.
(व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाचा हात
अशा वेळी थरथरायला हवा होता. नाही थरथरला.)
नवव्या पानावर कुणीतरी
बर्फ उपसणाऱ्या गाड्यांसाठी शेड घुसवली, उत्तरेकडे.
प्रसूतीशी तिचा संबंध काय, कुणी विचारलं नाही.

गुरुवारी रात्री सव्वाअकराला
हॅस्कल स्वतः जिना उतरून आली, बूट हातात.
"कलम चार. 'द्यावे लागेल' काढ,
'देता येईल' घाल."
या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत
एक आख्खी बाई बाळंत होते, मी म्हणणार होते.
विचारलं एवढंच, "सगळीकडे?"
"एकदाच. पेल्कीला घरी जाऊन
सांगायला काहीतरी लागतं."

शुक्रवारी पाटीवर दिवे लागले.
हॅस्कलच्याच बाजूचा म्हातारा डन्हॅम
"हा कायदा नव्हे, सांगाडा आहे" असं ओरडून
खाली बसला आणि हिरवं बटण दाबलं.
पेल्कीचा चौकोन बराच वेळ काळा.
मग हिरवा.
तो बोटाकडे बघत राहिला,
काहीतरी चिकटल्यासारखा.

अठरा विरुद्ध सतरा.

शाळेत बाई सांगायच्या,
हातचा डोक्यावर बारीक लिहा,
विसरलात तर बेरीज चुकते,
आणि उत्तर आलं की खोडून टाका.
पुढच्या निवडणुकीत पेल्कीला
खोडतील बहुतेक. त्यालाही ते माहीत असावं.

संध्याकाळी ओडेट बाहेरच्या पायऱ्यांवर भेटली,
सँडविच अर्धं खाल्लेलं, पुढं चार तासांची वाट.
"झालं?"
"झालं. अकरा पानं उरली."
"त्यात गाडीभाडं?"
"नाही."
"सुईणी?"
मी मान हलवली.
"तो दिवा तरी बदलतील का, पंपावरचा?"
दिवा कुठल्याच पानावर नव्हता, चाळीस होती तेव्हाही.
मी म्हटलं, हिवाळ्यात तुमच्याकडचा रस्ता मात्र
लवकर साफ होईल.
ती हसली की काय, कळलं नाही.
उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून
तिनं गाडी चालू केली.