लिंगविचार

आप्पा बळवंत चौकात, दुसऱ्या मजल्यावर
मी मुद्रितं तपासतो.
आज कुमारांसाठीची हेरकथा आली आहे, एकशे बारा पानं.
पान नव्वदवर परदेशी खलनायक म्हणतो :
"मूर्ख पोरा, तुझा आई कुठे आहे?"
समासात लेखकाची सूचना : चूक मुद्दाम आहे, दुरुस्त करू नये.

सूचना मला नवी नाही.
सातवीत असताना, महिना दीड रुपया भरून
नाना पेठेतल्या लायब्ररीतून
एजंट शौनकचे चोवीस भाग मी संपवले होते.
शौनक पंधरा वर्षांचा, पहाटे वेताळ टेकडीवर पळायचा,
त्याला सात भाषा यायच्या,
पण परदेशी माणसं त्याच्याशी बोलायची मराठीतच,
तेही चुकीच्या.
चिनी असला की पिवळसर हसायचा,
रशियनाच्या गालावर व्रण, अरबाच्या बोटात विषाची अंगठी,
आफ्रिकेतून आलेल्याला तर नावच नसायचं.
तो दाराशी उभा, हाताची घडी घालून,
शेवटच्या प्रकरणात शौनकनं त्याला लोळवावं
एवढ्यासाठी.

"माझी पिस्तूल भरला आहे!"
मधल्या सुट्टीत हेच ओरडत
आम्ही एकमेकांना खांबाला बांधायचो.

म्हणून ब्याऐंशी साली, रास्ता पेठेत, आमच्या समोरच्या खोलीत
सुदानचा मुतासिम भाड्यानं आला
तेव्हा मी चाळीस पानी वही घातली.
सहा वाजून दहा : संशयित जिना उतरला.
सहा वीस : क्वार्टर गेटला केळी घेतली. सहा. (सहाच का?)
पावणेसात : जीपीओ. निळं, जाड पाकीट.
पेटीत टाकण्याआधी कपाळाला लावलं.

चौथ्या मंगळवारी, जीपीओच्या पायरीवर
तो मागे न वळताच म्हणाला,
"पाय दुखला असेल. केळं खा."

मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं :
अतबऱ्याला वडील रेल्वेत फिटर,
तोही असली पुस्तकं गादीखाली लपवायचा.
त्यातला हेर खार्टूमचा, सोळा वर्षांचा,
आणि खलनायक हिंदुस्थानी.
फेटा, डोळ्यांत काजळ, पेटीत नाग,
पाहुण्याला विड्यातून विष द्यायचा,
आणि त्याचं अरबी असं, की वर्ग हसून लोळायचा.
"इथं आल्यावर तीन महिने मी पान खाल्लं नाही.
तुझे वडील द्यायचे, मी खिशात ठेवायचो.
सगळे शर्ट लाल."

हे कुठल्या रकान्यात लिहावं, कळेना.
वही पुढे दुधाच्या हिशेबाला गेली.

दिवाळीनंतर आईला केईएममध्ये ठेवलं.
जिन्यावर शुद्ध बोलणारे पुष्कळ भेटायचे.
खर्च किती झाला, विचारायचे,
आणि एवढ्या उशिरा का नेलं.
मुतासिम उंबऱ्याबाहेर उभा राहिला.
दोन्ही हातांत थर्मास, त्यामुळे घडी घालता आली नसती.
वाक्य पाठ करून आला होता, ओठ आधीच हलत होते :
"तुझा आई कसा आहे?"

मी हसलो नाही.
खरं सांगायचं तर हसलो, थोडंसं,
आणि मग दाराची कडी धरून
बराच वेळ तसाच उभा होतो.

पान नव्वद. लाल पेन.
"तुझा"चं "तुझी" केलं तर लेखक भांडेल,
मालक म्हणतील, तुम्ही स्वल्पविराम बघा.
या खलनायकाला गाव नाही, पत्र लिहावं असं कुणी नाही,
गालावरच्या व्रणासकट तो थेट पान साठवर जन्मतो.
समासात बारीक अक्षरात मी एवढंच लिहिलं :

चूक तशीच ठेवली आहे.
मात्र हे वाक्य माझ्या ऐकण्यातलं आहे.
मूळ प्रतीत "कुठे" नाही, "कसा" आहे.
कृपया पडताळून घ्यावं.