काळी दोन

आमच्या वर्गातला कूलर काळी दोनमध्ये गातो.
म्हणजे नेमकी काळी दोन नाही,
जरा उतरलेली,
टाकीतलं पाणी कमी झालं की आणखी उतरते.
हे मला आणि सुगंधा उईकेलाच माहीत आहे,
शेवटच्या बाकावर पेटी शिकलेल्या आम्ही दोघीच.

एप्रिल. दुपारचा दोनचा तास.
ठवकर सर फळ्यावर मागणीची वक्ररेषा काढतात,
ती डावीकडून उजवीकडे घसरत जाते
आणि तिच्यामागून माझी मान.
खसचा ओला वास येतो.
खरं तर ताट्यांमध्ये खस नाही, कसलंसं गवत आहे,
पण वास खसचाच घ्यायचा, असं आम्ही ठरवलंय.

सुगंधाच्या इअरफोनची उजवी बाजू मेलेली.
डावीसाठी पाळ्या लावतो,
एक गाणं तिचं, एक माझं.
अख्खं वर्ष मी एक गाणं असंच ऐकलं,
आणि मग परवा मेडिकल चौकातल्या ठेल्यावर
ते दोन्ही बाजूंनी वाजलं.
त्यात बासरी होती!
खर्रा घोटणारा पोरगा म्हणाला, काय पाहिजे ताई?
मी म्हटलं, काही नाही.
थांबले मात्र, गाणं संपेपर्यंत,
उन्हात, ओढणी डोक्यावर घेऊन.

झोपेचं म्हणाल तर ती मला कुठेही येते.
ग्रंथालयात, पंख्याखालच्या त्या एका टेबलावर,
जिथे सगळ्यांच्या वह्या फडफडतात.
झेरॉक्सच्या रांगेत, उभ्याने.
मेट्रोत तर हमखास:
उतरायचं असतं चितार ओळीला
आणि जाग येते प्रजापती नगरला,
समोर रिकामा डबा, आणि सुगंधा,
तीही झोपलेली.
आईचा फोन येतो. आवाज काहून असा वं तुहा?
अभ्यास करून राहिली होती, मी सांगते,
आणि गप्प बसते, कारण
तिकडे आरमोरीत तीही नुकतीच
भांडी घासून लवंडलेली असणार.

तर त्या दिवशी,
रेष अर्ध्यावर आली असताना,
लाईट गेली.

कूलर थांबला.
एवढी शांतता की
अख्खा वर्ग दचकून जागा झाला,
बेचाळीस माना एकदम वर,
कुणाच्या तरी बाटलीचं झाकण टणटणत पुढच्या बाकापर्यंत गेलं.
सरही थांबले.
खडू हवेत.
काय सांगत होतो मी?
कुणालाच माहीत नव्हतं.

आणि त्या पोकळीत,
मला वाटतं तिलाही कळलं नसावं,
सुगंधाने सा लावला.
हळू. ओठ मिटून.
जसं घसरणाऱ्या पातेल्याला आपसूक हात जातो.

आता गेलो, मी मनात म्हटलं.
मागच्या महिन्यात हसल्याबद्दल नितेश चिचघरेला
त्यांनी आठवडाभर बाहेर उभं केलं होतं.
सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला,
आमच्या बाकाकडे पाहिलं.
म्हणाले,
थोडा खाली घे.
कूलर इतका चढा नसतो.

वीस वर्षं या वर्गात शिकवून राहिले ते.
वीस उन्हाळे त्या सुरावर
आवाज टेकवून.
मला त्यांना विचारायचं होतं, पेटी कुठे शिकलात,
घरी आहे का, अजून काढता का.
तेवढ्यात लाईट आली.
कूलरने घसा खाकरला, दोन थेंब उडवले,
सर फळ्याकडे वळले
आणि पुन्हा नुसते ठवकर सर झाले.

मी दहा मिनिटं जागी राहिले असेन.
वहीत त्या तारखेला एक रेष आहे, मध्येच सुटलेली.
बाकीची शाई कुठे गेली
ते संध्याकाळी मेट्रोत सुगंधाने सांगितलं.
माझ्या गालावर, म्हणाली, निळ्या उलट्या अक्षरांत
मागणी असं लिहिलंय.
आणि ते पुसायला
तिने रुमाल ओला केला तेव्हा
प्रजापती नगर आलं होतं.