चढणं बंद

टग वाघोटणच्या खाडीत अडकली ती अडकलीच.
मालक फोन उचलेना, पगार थकले सात महिन्यांचे,
वर चार खलाशी, एक कुत्रं
आणि इंजिन बघणारा उझोमा, नायजेरियाचा,
ज्याचा वाडीनं पंधरा दिवसांत
उजूमामा करून टाकला.

मी पाडेली.
माडामागे साठ रुपये आणि एक शहाळं.
तो खाली उभा राहून वर बघायचा,
माझ्याकडे नव्हे, माझ्या पायातल्या दोराकडे.
एकदा म्हणाला, 'बाबा असाच चढायचा,
ताडीसाठी. येत्या महिन्यात त्याला मान मिळतोय.
मग चढणं बंद.'

मान?
मला आधी आठवली ती
वर बघून बघून दुखते ती.

तो वाळूत बसून सांगत राहिला.
एकोणीस वर्षं बाप जमवतोय:
सुरण, बोकड, कापडाचे तागे,
सगळं एका दिवसात वाटून टाकायला.
अख्खा गाव जेवणार. मग घोट्याला पांढरा दोरा,
लाल टोपीत गरुडाचं पीस,
आणि एक नवं नाव, त्यानं स्वतः निवडलेलं:
'ज्याच्या चुलीला दार नाही.'
त्यानंतर खोटं बोलायचं नाही. झाडावर चढायचं नाही.

'पुढे तुला मिळणार ना?'
'मला कशी? बाबाची टोपी बाबाबरोबर.
मी सुरुवात करायची पहिल्या बोकडापासून.'

मग मी आमचं सांगितलं.
आमच्याकडे मान रक्तातून येतो, मधुमेहासारखा.
पहिला नारळ कोणाचा, यावर अकरा वर्षं
देवगडच्या कोर्टात तारखा पडतायत,
पालखी कुलपात, गोंड्यांना कसर.
आमच्या घराण्याकडे दिवटी धरायचा मान.
'त्यासाठी तू काय वाटलंस?' त्यानं विचारलं.
मी बराच वेळ कुत्र्याच्या पाठीवरच्या गोचिडी काढल्या.
वकिलाची फी, म्हणालो शेवटी.

तो दिवस आला तेव्हा
उजूमामानं घड्याळ विकलं बर्फवाल्या इस्माइलला
आणि दोन टोपल्या बांगडे घेतले.
रुजायनं जेटीवरच तवा मांडला.
वास गेला तसे लोक आले,
खटल्यातल्या दोन्ही बाजू आल्या,
एकमेकांकडे पाठ करून, पण एकाच तव्याचं खाल्लं.

फोनवर बाप दिसला, ढोल ऐकू आले,
आणि नेमकं पीस खोवताना चित्र गोठलं.
अर्धं पीस, अर्धा कान.
उजूमामा तेवढंच धरून बसला.

त्यांच्याकडे आधी कोला फोडतात, म्हणाला,
कोलाला इंग्रजी कळत नाही, आपल्या भाषेतच बोलावं लागतं.
म्हटलं, आमच्या रवळनाथाला तर पुणेरीसुद्धा धड कळत नाही.
कोला नव्हता. सुपारी होती.
ती अडकित्त्यातून दोनदा निसटली, मग हातोडीनं फुटली.
त्यानं वाळूतून तुकडे शोधले, मोजले:
'चार. बरं झालं.'

गाऱ्हाणं घालायचा मान माझा नाही.
घाडी आला नव्हता. मी घातलं.

'बा देवा म्हाराजा,
हेचो बापूस आज थंय मान घेता,
ह्यो लेक हंय अडाकलो हा.
तेच्या बापाशीच्या शब्दाक वजन दी, चुलीक जळण दी,
आणि टगीच्या मालकाक जरा लाज दी...'

'व्हय म्हाराजा!'
आणि मागून एकटाच, उशिरा: 'ईसे!'
'म्हंजे काय रे?'
'म्हणजे तेच.'

दुसऱ्या गाऱ्हाण्याला कोण काय म्हणालं
वेगळं काढता आलं नाही.
कुत्रंही भुंकलं.

जाताना बाबल गावकर हात पुसत म्हणाला,
माड भरलेत, जेवून झालं की ये.
दोर खांद्यावरच होता माझ्या.
उद्या येतो, म्हटलं.
'आज काय झाला?'

काय सांगणार.
बाप त्याचा, गाव त्याचा, पीस अजून अर्धंच.
पण बांगडे मीही खाल्ले होते.
आज चढणं बंद, म्हटलं,
आणि दोर नीट गुंडाळून
टगीच्या खुंटाला अडकवला.