उद्देशाचा रकाना

रुवीत, बसस्टँडच्या पाठीमागे आमचं एक्स्चेंज.
काच जाड आहे. आवाज खालच्या फटीतून येतो,
नोटाही तिथूनच.
चार नंबरच्या खिडकीत मी, नऊ वर्षं.
पैसे मोजता मोजता माणसंही मोजली जातात,
कोण कुणाला पाठवतं, किती,
कुठल्या महिन्यात अडतं.

नझीर मुकादम. तालुका खेड. एसीच्या डक्टचं काम.
दर सहा तारखेला नव्वद रियाल,
लाभार्थी बायको, उद्देश घरखर्च.
मी गुहागरची, म्हणून तीन नंबर रिकामा असला
तरी ते माझ्यापाशीच थांबतात,
मराठीत आकडे बोलायला.

त्या गुरुवारी चार वाजता आले, अंगात साइटचाच शर्ट.
फटीतून सरकवले दोन हजार तीनशे.
नोटांना तीन रबरं होती.
एक भिशीचं, एक खोलीतल्या पोरांचं,
तिसरं मी विचारलं नाही.
"रुमानाला डॉक्टरकीची जागा मिळतेय.
एनआरआय कोट्यातली शेवटची. सहापर्यंत भरले तर."
मार्क?
"चारशे बारा." ताप सांगावा तसं सांगितलं.

मोबाइल काचेला टेकवला. पत्र होतं.
वर चिन्ह, खाली सही, मधे गोल शिक्का,
इतका सरळ की हातानं मारलेला नसावा.
अभिनंदनाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी.
कॉलेज कर्नाटकातलं,
खातं मात्र पार उत्तरेकडच्या कुठल्याशा शाखेतलं,
बचत खातं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव.
कॉलेजला वडील असतात?

"उद्देश काय लिहू? शिक्षण?"
"नको नको. घरखर्चच लिहा. साहेबांनी बजावलंय."

पेन थांबलं.
त्या माणसाला सगळं जमलं होतं,
पत्र, शिक्का, इंग्रजी,
रात्री दहाला फोन करून पोरीला 'बेटा' म्हणणं.
आणि ह्या एवढ्याशा रकान्याला तो घाबरला.

आम्हाला सल्ला द्यायची परवानगी नाही.
वर कॅमेरा. मॅनेजर भला माणूस, पण मॅनेजर.
मी म्हटलं, "सिस्टीम बंद पडलीये."
शेजारी तीन नंबरचा प्रिंटर करकर पावत्या काढत होता.
मुकादमांनी प्रिंटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तेवढ्यात फोन. काचेतूनही ऐकू आलं,
"टोकन भरलं का? मागं चाळीस जण उभे आहेत, टोकन..."
त्यांच्या मुठीत आमचं टोकन होतं, सत्तावीस नंबरचं,
घामानं मऊ झालेलं.

"भाऊ," मी ओठ फारसे न हलवता म्हटलं,
"हा नंबर त्यानं दिलाय. कॉलेजचा तुम्ही शोधा,
सरकारी यादीत असतो. उद्या लावा.
जागा खरी असेल तर एक रात्र टिकेल."
नोटा परत सरकवल्या, रबरांसकट.

रस्ता ओलांडताना दिसले.
पलीकडे अजून दोन एक्स्चेंज आहेत, आठपर्यंत उघडी.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं नाही, गेलं.
पण सकाळी फळ्यावर भाव चढवताना
तेवीसशेचे किती होतात ते दोनदा करून पाहिलं.

सहा तारखेला आले. नव्वद नाहीत, पन्नास.
भिशीचे परत केले, पोरांचे केले.
"शंभर मात्र आधीच गेले होते, निकालाच्याच दिवशी.
नाव नोंदवायला म्हणाला.
पलीकडून पाठवले. तुम्हाला कसं सांगणार?"
रुमाना नर्सिंगचा फॉर्म भरतेय.
चलन कॉलेजच्याच नावाचं आहे,
त्यांनी तीनदा वाचलं, एकदा मला वाचायला लावलं.

"उद्देश?"
"घरखर्च." मग फटीपाशी वाकून,
"त्या शंभराचं विचारलंत तर शिक्षण. माझं."

मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही.
पावती फाडून दिली.
घडी घालून ती त्यांनी पाकिटात ठेवली,
जिथं पोरीचा परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचा फोटो असतो.
मागचा माणूस खिडकीशी सरकला,
हातात मोबाइल, मोबाइलवर कुठलंसं पत्र.