भारी

सिद्धाराम बिराजदार महिन्यानं परत आला.
अक्कलकोट नाक्यावर माझ्या दुकानासमोर
गाडी थांबायला हवी होती तिथं थांबली नाही,
हातभर पुढं गेली.
मशीनमागून मान वर न करता मला कळलं.

"अक्का, गाडी ओढंनाच की ओ."

चौदाची चाकं काढून सोळाची बसवली होती त्यानं.
काळी, सहा पात्यांची, कडेला चंदेरी रेघ.
तेव्हा चारी बाजूंनी फिरून म्हणाला होता,
"दिसायला कसली भारी!"
भारीच आहेत, म्हणाले होते मी,
एकेक पाच पाच किलोनं.
तो हसला.
मी पैसे मोजून गल्ल्यात टाकले.

आता जॅकवर गाडी, जमिनीवर चाक.
आतल्या काठावर विजापूर रोडचा एक खड्डा
दातासकट उमटलेला.
रबराची गादी आधीपेक्षा बोटभर पातळ,
मग धक्का खायचा कुणी?
रिमनं खाल्ला, मग शॉकअपनं,
मग मागं बसलेल्या तुझ्या आईच्या कमरेनं.

"पाच किलोनं काय होतंय? माझा मित्र ऐंशीचा आहे, तो बसतो की!"

तो स्प्रिंगच्या वर बसतो, बाबा.
पाच किलो ज्वारी डोक्यावर घेऊन
सात रस्त्यापर्यंत चालत जा.
मग तीच घोट्याला बांध
आणि ये परत.

मीटरही खोटं बोलतंय तुझं.
तो साठ म्हणतो तेव्हा तू बासष्टला असतोस.
मोठं चाक कमी वेळा फिरतं,
आणि मीटरला फक्त फेरे मोजता येतात,
जमीन नाही.

माझे वडील नरसय्या येमूल, मागावर जॉबर.
त्यांच्याकडं उलटा हिशोब होता.
मागाला जड चाक लागतं,
धोटा परत फिरताना दम तुटू नये म्हणून.
हलकं चाक लावलं तर चादरीत पट्टा उमटतो,
जाड, पातळ, जाड.
जड चाक जे एकदा घेतं ते धरून ठेवतं.
वीज गेल्यावरही माग थोडा वेळ
आपल्याच आठवणीवर चालायचा.
वडील तळहात लावून त्याला थांबवायचे.
लहानपणी वाटायचं, समजूत काढतायत.
नंतर त्यांच्या हाताची कातडी बघितली.

मागाला कुठं जायचं असतं?
तो आयुष्यभर एका जागी उभा.
तुला सिग्नलला थांबायचंय, निघायचंय,
पुढं रिक्षा आडवी, परत थांबायचंय.
प्रत्येक वेळी त्या वजनाला आधी फिरवायचं,
मग गाडी हलवायची.
प्रत्येक वेळी त्या वजनाची समजूत काढायची.
ब्रेकचा तळहात बघितलास कधी?

तो गप्प बसला. चहा आला, प्यायला.
"जुनी चाकं परत लावायची का?"
आहेत?
"तीन माळ्यावर आहेत.
एकावर आईनं पाण्याचा रांजण ठेवलाय."

फोन लावला त्यानं, स्पीकरवर.
आई म्हणाली, पाणी आजच आलंय.
काठोकाठ भरलाय.
आता चार दिवसांनी येणार पाणी,
तोवर हलवायचं नाव काढू नको.

मग काय,
आहे तेच चाक मशीनवर चढवलं.
आत पस्तीस, बाहेर पंधरा.
शिशाचे तुकडे नखाएवढे,
जडपणाचा तोल सावरायला आणखी थोडं जड.
फिरवलं. आकडे शून्य, शून्य.

"झालं?"
थरथर गेली. बाकी सगळं आहे तसंच.
गतिरोधकावर सावकाश घे.
आणि रांजणातलं पाणी
जरा जास्तच पी.